कर्बाचा हिशेब आणि विदर्भाचा अनुशेष

(सक्करदरा, नागपूर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जगातील अमुक एका लहान देशाने आपले हरितगृह वायूंचे उत्सर्जन निम्म्यावर आणले, अशी बातमी अधूनमधून वाचनात येते. बातमीसोबत एक आलेख छापलेला असतो. त्याची रेघ डावीकडे उंच असते आणि उजवीकडे उतरत जाते. वाचणारा त्या देशाचे मनोमन कौतुक करतो, भारताची रेघ अजून चढतीच आहे म्हणून खंत करतो आणि पान उलटतो. पान उलटण्यापूर्वी त्या रेघेला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. धुराडे कोणाच्या अंगणात होते? त्या धुराड्यातून निघालेल्या धुराच्या मोबदल्यात जे निर्माण झाले, त्याचा उपभोग कोणी घेतला? आणि रेघ उतरली तेव्हा तिची किंमत कोणी मोजली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरकारी अहवालात मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधावे लागते. तिसऱ्याचे उत्तर ज्यांनी किंमत मोजली त्यांनाच ठाऊक असते, आणि त्यांना कोणी विचारीत नाही.

हा विषय सक्करदऱ्यासारख्या वस्तीत कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. सक्करदऱ्याचा तलाव आणि बुधवारी बाजार यांपासून कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी वीस किलोमीटरच्या आत आहेत. मे २०१३ मध्ये नागपूरचे तापमान ४७.९ अंशांपर्यंत चढले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. एखादा कडक उन्हाळा किंवा एखादा अतिवृष्टीचा दिवस थेट कर्बवायूच्या खात्यावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु पृथ्वीचे तापमान वाढत जाते तसतशी अशा दिवसांची शक्यता वाढते, हे शास्त्रज्ञांचे एकमताचे मत आहे. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या मजुराला ही शक्यता सर्वांच्या आधी कळते. तेव्हा हा विषय त्याच्याच दाराशी मांडणे योग्य होय.

हिशेबाची रीत

प्रथम हा हिशेब कसा होतो ते पाहिले पाहिजे. १९९२ साली रिओ येथे हवामानबदलाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याखाली प्रत्येक देश आपल्या भूमीवर जे उत्सर्जन होते ते मोजून सादर करतो. म्हणजे हिशेबाचे एकक भूमी हे आहे. कोळसा जेथे जळला तेथे नोंद होते. त्या विजेवर चाललेला दिवा कोठे लागला, त्या पोलादाची मोटार कोणी चालविली, याची नोंद होत नाही. आंतरराष्ट्रीय जहाजे आणि विमाने यांचा धूर तर कोणत्याच देशाच्या बेरजेत धरला जात नाही. तो वेगळा दाखविला जातो. मोठ्या देशाच्या हिशेबात या रीतीचे दोष काही प्रमाणात झाकले जातात, कारण त्याचे बरेचसे उत्पादन व उपभोग त्याच्या सीमेतच होतात. लहान देशाची वीज, इंधन आणि माल सीमेवरून सतत ये-जा करीत असतात. म्हणून हिशेबाची ही रीत कोठे फसते हे लहान देशाच्या आलेखात चटकन दिसून येते. त्यासाठी दोन देश पुरेसे आहेत : श्रीलंका आणि डेन्मार्क.

श्रीलंका : हलाखीने उतरलेली रेघ

श्रीलंकेची लोकसंख्या सुमारे २ कोटी २० लाख आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या देशाची जवळजवळ सारी वीज धरणांवर निर्माण होत असे. १९९६ च्या अवर्षणाने धरणे आटली, देश अंधारात गेला आणि तेलावर चालणाऱ्या वीजकेंद्रांकडे सरकार वळले. पुढे नोरोच्चोलाई येथे कोळशावरचे केंद्र उभे राहिले. त्याचा पहिला संच २०११ साली सुरू झाला आणि २०१४ पर्यंत ३०० मेगावॅटचे तीन संच पूर्ण झाले. साहजिकच उत्सर्जनाची रेघ चढत गेली. तरीही दरडोई प्रमाण वर्षाला एका टनाच्या आसपासच राहिले, म्हणजे भारताच्या सरासरीच्याही निम्मे.

२०२२ साली ही रेघ एकाएकी खाली आली. त्या वर्षी श्रीलंकेची परकीय गंगाजळी संपली, विदेशी कर्जाची परतफेड थांबली, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, दिवसातून तेरा तासांपर्यंत वीज बंद राहू लागली. कोळसा व तेल आणायला पैसा नव्हता म्हणून धूर कमी झाला. आलेखावर मात्र त्या वर्षाचा उतार एखाद्या यशस्वी योजनेच्या उतारासारखाच दिसतो. रेघेला भूक दिसत नाही. याच तऱ्हेचा उतार १९९० नंतर पूर्व युरोपातील अनेक देशांत दिसला. तेथे कारखाने बंद पडले आणि त्यांच्या बंद पडण्याची नोंद पर्यावरणाच्या जमाखाती झाली.

डेन्मार्क : नियोजनाने उतरलेली रेघ

डेन्मार्कची गोष्ट वेगळी आहे आणि ती न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. साठ लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी आयात तेलावर अवलंबून होती. त्या धक्क्यातून तेथे खऱ्या अर्थाने नियोजन झाले. प्रथम तेलाऐवजी कोळसा आला. मग वीजकेंद्रातील वाया जाणारी उष्णता नळांनी घराघरांत पोहोचविण्याच्या व्यवस्था वाढविण्यात आल्या, आणि त्यांपैकी बहुतेक नगरपालिकांच्या किंवा ग्राहकांच्या सहकारी संस्थांच्या मालकीच्या आहेत. १९८५ साली संसदेने अणुवीज नाकारली. १९९१ साली विंडेबी येथे अकरा पवनचक्क्यांचे जगातील पहिले समुद्रातील पवनकेंद्र उभे राहिले. कोपनहेगनसमोरच्या मिडेलग्रुंडेन येथील वीस पवनचक्क्यांपैकी निम्म्यांची मालकी आठ हजारांहून अधिक नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे गेली. १९९० च्या तुलनेत त्या देशाचे उत्सर्जन आता जवळजवळ निम्म्यावर आले आहे, आणि लोकांच्या राहणीमानाला त्याची झळ बसलेली नाही. हे यश नाकारणे कोतेपणाचे होईल.

पण त्याच डेन्मार्कच्या आलेखात १९९६ साली एक उंच सुळका दिसतो. त्या वर्षी नॉर्वे व स्वीडनमध्ये पाऊस कमी झाला, तेथील जलविद्युत घटली आणि डेन्मार्कने आपली कोळशाची केंद्रे भरधाव चालवून शेजाऱ्यांना वीज विकली. धूर डेन्मार्कच्या नावावर चढला. दिवे नॉर्वेत लागले. उलट १९९० साली शेजारी भरपूर पाऊस झाला होता, डेन्मार्कने तेथून स्वस्त वीज घेतली होती, म्हणून त्या वर्षीचा त्याचा आकडा कमी दिसत होता. डेन्मार्कने ही गोष्ट मुकाट्याने सोसली नाही. युरोपीय देशांत उत्सर्जनकपातीचे वाटप होताना त्याने आपले म्हणणे आग्रहाने मांडले. आजही तेथील सरकारी ऊर्जाविषयक आकडेवारीत प्रत्यक्ष उत्सर्जनाशेजारी विजेच्या आयात-निर्यातीची दुरुस्ती केलेला दुसरा आकडा छापला जातो.

प्रामाणिकपणाला दुसरी बाजूही आहे. डेन्मार्क परदेशातून जी लाकडी इंधनकांडी आणून जाळतो तिचा धूर जाळण्याच्या ठिकाणी शून्य धरला जातो. जेथे झाड तुटले तेथील जमिनीच्या हिशेबात तो जायचा असतो. परदेशांत तयार होऊन डेन्मार्कमध्ये वापरल्या जाणाऱ्या मालाचा धूरही त्या देशाच्या नावावर येत नाही. अलीकडे तेथील ऊर्जाखाते उपभोगाच्या बाजूने मांडलेला स्वतंत्र हिशेबही प्रसिद्ध करते आणि त्यात दरडोई आकडा भूमीच्या हिशेबापेक्षा मोठा येतो. मुद्दा असा, की साठ लाखांच्या एका देशाने आपल्या धुराची दोन-दोन खाती ठेवली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार २ कोटी ३० लाख लोकसंख्या असलेल्या विदर्भाचे एकही खाते नाही.

विदर्भाची रेघ

विदर्भ हा देश नव्हे. परंतु ९७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आणि श्रीलंकेएवढ्या लोकसंख्येचा हा प्रदेश क्षणभर एक लहान देश मानला, तर त्याची रेघ कशी दिसेल?

ती एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीपासून आणि १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या बॉयलरपासून सुरू होईल. पुढची जवळजवळ शंभर वर्षे ती सावकाश चढेल. १९७३ साली कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आले, आणि १९७४ साली कोराडीचा पहिला संच सुरू झाला. तेथून रेघेने वळण घेतले. १९८३ पासून चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र, १९८९ पासून खापरखेड्याचे २१० मेगावॅटचे संच, असा चढ सुरू झाला. २०१० नंतरचे दशक तर उभ्या कड्यासारखे आहे. खापरखेड्याचा ५०० मेगावॅटचा संच, राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे मौदा येथील केंद्र, गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याचे खासगी केंद्र, कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन नवे संच आणि चंद्रपूरची वाढ, हे सारे सात-आठ वर्षांत घडले. कोराडीचे जुने लहान संच या काळात निवृत्त झाले. त्यांच्या जागी कितीतरी मोठे आले.

चंद्रपूर २९२०, कोराडीचे नवे संच १९८०, खापरखेडा १३४०, मौदा २३२० आणि तिरोडा ३३०० मेगावॅट. या पाचांची बेरीज ११,८६० होते. ठोकळमानाने १२ हजार मेगावॅट धरले आणि संच वर्षभरात सरासरी साठ टक्के क्षमतेने चालतात असे मानले, तर वर्षाला सुमारे ६,३०० कोटी युनिट वीज निर्माण होते. एका युनिटाला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे वर्षाला ४ कोटी १० लाख टन. या प्रतीच्या कोळशात कर्बाचे प्रमाण सुमारे चाळीस टक्के असते. कर्बाचे बारा भाग प्राणवायूच्या बत्तीस भागांशी मिळून चव्वेचाळीस भाग कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून एक टन कोळशातून दीड टनाच्या आतबाहेर हा वायू निघतो. एकूण आकडा वर्षाला सहा कोटी टनांच्या जवळपास जातो.

हा अंदाज आहे. संच कमी-अधिक चालले तर तो खाली-वर होईल. तरीही त्याचे आकारमान ध्यानात घेण्याजोगे आहे. सबंध श्रीलंका तेल, कोळसा, मोटारी, कारखाने मिळून वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. विदर्भातील पाच वीजकेंद्रांची धुराडी त्याच्या तिप्पट सोडतात. दरडोई हिशेब केला तर या पाच केंद्रांचाच वाटा अडीच टनांच्या पुढे जातो, आणि भारताची सर्व क्षेत्रे मिळून सरासरी दोन टनांच्या आसपास आहे. अमरावती, अकोला, वर्धा आणि वरोऱ्याकडील इतर वीजकेंद्रे, सिमेंटचे कारखाने, खाणींतून निघणारा मिथेन, हे यात धरलेलेच नाही. भूमीच्या हिशेबाने पाहिले तर मेळघाटातला कोरकू आणि गडचिरोलीचा माडिया हे सरासरी भारतीयापेक्षा अधिक प्रदूषण करणारे नागरिक ठरतात. यापेक्षा या रीतीचा मोठा उपहास कोणता असू शकेल?

वीज जाते, राख राहते

या विजेचा फार मोठा भाग विदर्भाबाहेर जातो. १९९९ साली सुरू झालेली चंद्रपूर ते पडघे ही उच्चदाबाची एकदिश विद्युतवाहिनी ७५२ किलोमीटर लांबीची असून तिची क्षमता १५०० मेगावॅट आहे. पडघे हे ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या उंबरठ्यावर आहे. या जातीच्या वाहिनीला वाटेत सहजासहजी फाटा फोडता येत नाही. एका टोकाला वीज चढते ती दुसऱ्या टोकालाच उतरते. वाटेतला कापूसउत्पादक शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतो तेव्हा विजेचा हा प्रवाह त्याच्या मुलखावरून पश्चिमेकडे वाहत असतो.

राख मात्र कोठे जात नाही. भारतीय कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. वरच्याच हिशेबाने या पाच केंद्रांतून वर्षाला सुमारे १ कोटी ४० लाख टन राख निघते. तिचा काही भाग सिमेंट व विटांसाठी उचलला जातो, उरलेली बंधाऱ्यांत साचते. जुलै २०२२ च्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या शेतांत व नाल्यांत पसरला. विजेला बाजारभाव असतो. राखेला तो नसतो, म्हणून ती ज्याच्या शेतात पडते त्याच्याच खाती राहते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. ज्याच्या शेतात ती पडते त्याला ती फारच आतली वाटते.

महाराष्ट्राच्या राजकीय व्यवहारात प्रादेशिक हिशेबाची परंपरा नाही असे नाही. १९५३ च्या नागपूर कराराने समन्यायाचे आश्वासन दिले. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण अशा क्षेत्रांत कोणत्या जिल्ह्याला किती कमी मिळाले, याचे मापन केले आणि १९८४ साली अहवाल दिला. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून विदर्भातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर गेला. दांडेकरांनी जे मिळाले नाही ते मोजले. जे लादले गेले त्याचे मापन अद्याप व्हायचे आहे. पंप जोडण्यांचा अनुशेष जसा मोजता आला, तसाच राखेचा, पाण्याचा आणि कर्बाचाही मोजता येईल. त्यासाठी लागणारी आकडेवारी प्रत्येक वीजकेंद्राच्या दप्तरात आहे.

प्रश्न प्रदेशाचा की वर्गाचा?

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. वीज ही सबंध राज्याची, किंबहुना देशाच्या एकाच जाळ्याची आहे; समाजवाद्यांनी नागपूर विरुद्ध मुंबई अशी भाषा करावी काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. धारावीतल्या एका खोलीत राहणारे कुटुंब चंद्रपूरच्या विजेचा जो कण वापरते त्याबद्दल त्याला जाब विचारणे अन्यायाचे होईल. नागपुरातही मोठे मॉल आणि वातानुकूलित बंगले आहेत, आणि त्यांच्या मानाने सक्करदऱ्याच्या चाळीतला एक कूलर काहीच नाही.

१९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी श्रीमंत राष्ट्रांना ठणकावून सांगितले होते, की चैनीसाठी होणारे उत्सर्जन आणि जगण्यासाठी होणारे उत्सर्जन यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. भारत सरकारने जागतिक परिषदांत हा युक्तिवाद सतत केला आहे आणि तो रास्त आहे. मग तोच तराजू देशाच्या सीमेच्या आत का चालू नये? दिल्लीने वॉशिंग्टनकडे जो न्याय मागितला, तो कोराडीने मुंबईकडे मागितला तर त्यात फुटीरपणा कसला? प्रदेशाचा हिशेब वर्गाच्या हिशेबाची जागा घेत नाही. त्या हिशेबाला तो पत्ता देतो. राख कोणत्या गावात पडते हे कळल्याशिवाय ती कोणत्या वर्गाच्या अंगावर पडते हे सिद्ध करता येत नाही.

उतरत्या रेघेची किंमत

विदर्भाची रेघही कधी तरी उतरणार आहे. भारताने २०२१ साली ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याच वेळी कोराडी येथे आणखी ६६० मेगावॅटचे दोन संच उभारण्याचा प्रस्तावही पुढे आला आणि २९ मे २०२३ रोजी त्यावर जनसुनावणी झाली. नागपूरच्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी विरोध नोंदविला. रोजगाराच्या आशेने समर्थन करणारेही होते. या समर्थकांना अडाणी म्हणून झटकून टाकणे ही समाजवाद्यांची रीत नव्हे. त्यांना जे भय वाटते ते अनुभवातून आलेले आहे.

तो अनुभव नागपूरच्या गिरणी कामगाराने घेतला आहे. एम्प्रेस मिल १९८६ साली सरकारने ताब्यात घेतली आणि २००२ साली ती बंद झाली. बॉयलर थंड पडला, शहराच्या मध्यभागचा धूर थांबला. आलेखात दाखवायचे तर उत्सर्जन घटलेच. आज त्या जागी मॉल उभा आहे. ज्या घरांतील मागची पिढी गिरणीत होती अशी घरे या भागात थोडी नाहीत. त्या घरांतून कोणी सायकलरिक्षा ओढली, कोणी पानठेला घातला, कोणी रखवालदारी केली. श्रीलंकेची २०२२ ची रेघ आणि एम्प्रेस मिलची रेघ एकाच कुळातल्या आहेत. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक केंद्रे बंद होताना याच गोष्टीची पुनरावृत्ती होऊ द्यायची काय, हा आजचा खरा प्रश्न आहे.

पैसा नाही, असे उत्तर देण्यात येईल. ते तपासून घेतले पाहिजे. २०१० साली केंद्र सरकारने स्वच्छ ऊर्जेच्या नावाने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हाच उपकर राज्यांना महसुली भरपाई देण्याच्या कामी वळविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द होऊन कोळशावरील कराचा दर ५ वरून १८ टक्के झाला. वरील पाच केंद्रांच्या कोळशावर ४०० रुपयांच्या दराने वर्षाला सुमारे १,६०० कोटी रुपये होतात. ज्या कारणासाठी हा पैसा गोळा होऊ लागला, त्या कारणावर तो पुरता खर्च झाला असता तर कोळशावर जगणाऱ्या माणसांच्या पुढच्या व्यवस्थेसाठी भांडवल उभे राहिले असते. पैसा होता. त्याचा मार्ग बदलला गेला.

कार्यक्रम

या विवेचनातून चार मागण्या निघतात.

पहिली, राज्य शासनाने जिल्हावार उत्सर्जनाचा वार्षिक हिशेब प्रसिद्ध करावा आणि तो डेन्मार्कप्रमाणे दोन स्तंभांत असावा : किती धूर येथे झाला, आणि येथे वापरलेल्या विजेपुरता किती. त्याच्या शेजारी राखेचा व पाण्याचा स्तंभ असावा. अनुशेषाच्या कोणत्याही पुढील मापनात हे स्तंभ धरले जावेत.

दुसरी, नागपूरच्या वेशीवर कोळशाचे नवे संच उभारू नयेत. आजचा संच चाळीस वर्षे चालविण्यासाठी बांधला जातो. म्हणजे आज घेतलेला निर्णय २०६० च्या पलीकडच्या माणसांना बांधून टाकतो.

तिसरी, कोळशावरील कराचा ठरावीक हिस्सा आणि २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी, यांतून खाणी व वीजकेंद्रांवरील कामगारांसाठी पुनर्वसन निधी उभा करावा. त्याचा पहिला हक्क कंत्राटी कामगाराचा असावा. कायम कामगाराला निदान बदली आणि निवृत्तिवेतन असते. राख उचलणारा, कोळसा झाडणारा, ट्रकवर क्लीनर म्हणून जाणारा यांना यांपैकी काहीच नसते.

चौथी मागणी मालकीची आहे. सूर्यप्रकाशाला खाण लागत नाही, पण जमीन लागते. २०१७ पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा तिचा हेतू स्वागतार्ह आहे. परंतु प्रकल्प खासगी विकासकाचा आणि जमीन भाड्याने गावाची, हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली तर धूर जाईल आणि मालकी जेथे होती तेथेच राहील. मिडेलग्रुंडेनच्या पवनचक्क्यांत सामान्य नागरिकांचा भाग असू शकतो, तर साखर कारखाने आणि सूतगिरण्या सहकारात चालविलेल्या महाराष्ट्रात गावाच्या सौरकेंद्रात गावकऱ्यांचा भाग का असू नये? सहकाराचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातून सहकार सोडून देण्याचा नव्हे, तो सभासदांच्या ताब्यात ठेवण्याचा धडा घ्यायचा आहे.

या मागण्या मुंबईच्या सचिवालयात निवेदन देऊन मिळणार नाहीत. त्यांच्यामागे नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथील वीजकामगार, खाणकामगार आणि राखेने शेत गमावलेला शेतकरी यांची एकजूट उभी राहावी लागेल. आज हे तिघे एकमेकांना संशयाने पाहतात. केंद्र बंद पडेल म्हणून कामगार भितो, आणि ते चालू राहील म्हणून शेतकरी. दोघांचे भय एकाच निधीने आणि एकाच वेळापत्रकाने दूर होण्यासारखे आहे, हे समजावून सांगण्याचे काम पक्षकार्यकर्त्याचे आहे.

त्याची सुरुवात एका साध्या कामापासून करता येईल. कोराडी, खापरखेडा, मौदा येथे जाणाऱ्या कंत्राटी कामगारांची वस्तीवार यादी करावी : नाव, काम, किती वर्षे, कोणत्या ठेकेदाराकडे, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो की नाही. ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, त्याची नुकसानभरपाई पुढे कोणत्याही कागदावर येत नाही. विदर्भाच्या धुराचे खाते सरकार उघडील तेव्हा उघडील. या माणसांचे खाते पक्षाच्या शाखांनी येत्या महिन्यापासून उघडावे.